नोंद आहे, फाईल नाही
(द्वितीय वर्ष, कला)

संगणकावर लेख लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. माझे विषय मराठी आणि इतिहास. आमच्या घरात संगणक नाही. माझ्या आधी आमच्या वस्तीवरून कॉलेजात आलेलेही कोणी नाही. ‘सर्व्हर’ हा शब्द मी बारावीपर्यंत ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढ्या एकाच वाक्यात ऐकला होता. तरीही लिहितो आहे, कारण मे २०२५ मध्ये आमच्या मराठी विभागाचा ध्वनिसंग्रह एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवताना त्यातल्या दोनशेवर फायली मुक्या झाल्या, आणि ‘सर, सगळ्या आल्या’ असे सरांना छातीठोकपणे सांगणारा मीच होतो.

संग्रहाची थोडी माहिती देणे जरूर आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील वयस्कर बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, हादग्याची गाणी, कहाण्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणाव्यात असा आमच्या विभागाचा प्रघात आहे. ही कल्पना आमची नव्हे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राची खेडी पालथी घालून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या आता ‘पारी’ या संस्थेमुळे कोणालाही वाचता-ऐकता येतात. त्यांच्या राशीपुढे आमचा संग्रह सूपभर देखील नाही. पण सुपातले दाणे आमच्या आयाबायांच्या गळ्यातले आहेत, म्हणून आम्हांला त्यांचे मोल.

हा संग्रह ग्रंथालयामागच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकावर होता. उन्हाळ्यात तो तापून बंद पडे. शेवटी तो सगळा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर हलवायचे ठरले, म्हणजे विद्यार्थ्यांना घरूनही ऐकता येईल. सुट्टीत गावात रिकामे असलेले आम्ही तिघे मदतीला गेलो.

आता सर्व्हर म्हणजे काय? मला वाटायचे ते काहीतरी अजस्र यंत्र असेल. तसे नाही. ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीमागे बसून, चिठ्ठी पाहून पुस्तक काढून देणारे काका असतात. तेच काम करणारा संगणक म्हणजे सर्व्हर. आणि काकांजवळ जशा दोन गोष्टी असतात तशाच त्याच्याजवळही असतात. एक, कपाटातली पुस्तके, म्हणजे प्रत्यक्ष फायली. दुसरी, पुस्तकांची नोंदवही, म्हणजे ज्याला डेटाबेस म्हणतात ते. आमच्या नोंदवहीत प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे नाव, गाणारणीचे गाव, तारीख, किती मिनिटे, आणि ती फाईल कुठल्या कपाटात कुठल्या नावाने ठेवली आहे, एवढे लिहिलेले होते. पडद्यावर जी यादी दिसते ती कपाट उघडून केलेली नसते. ती नोंदवहीतून वाचून दाखवलेली असते.

येथेच माझी फसगत झाली. स्थलांतरात या दोन गोष्टी दोन वेगळ्या वाटांनी जातात. नोंदवही लहानशी असते, ती क्षणात जाते. फायली गठ्ठे बांधून, तासन्‌तास, मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून अशा जातात. नव्या ठिकाणी मी यादी उघडली. खाली ‘एकूण ६१२’ असा आकडा होता. जुन्या यंत्रावरही ६१२ च होता. मी दोन-चार नावांवर टिचकी मारली, आवाज आला. ‘सर, सगळ्या आल्या,’ म्हणालो. मी नोंदवही मोजली होती, माल मोजलाच नव्हता. जूनमध्ये जुना संगणक पुसून, त्यावर नवी विंडोज चढवून तो प्रवेशाच्या कामासाठी कार्यालयात देण्यात आला.

आषाढात माझी आजी वारली. तिची तीन ध्वनिमुद्रणे मी प्रथम वर्षात असताना केली होती. ती माझ्या मोबाईलमध्ये होती. पण मोबाईलची जागा भरली म्हणून, ‘कॉलेजच्या सर्व्हरवर आहेतच की’ असे मनाशी म्हणून मी ती काढून टाकली होती. ऑगस्टमध्ये ग्रंथालयात बसून, कानाला हेडफोन लावून मी तिच्या नावावर टिचकी मारली. काही आले नाही. तिसरे नाव, दुसरे नाव, तिन्ही मुकी. मग मी ६१२ ची यादी वरून खाली एकेक करून वाजवायला घेतली. तीन दिवस लागले. २१४ फायली वाजत नव्हत्या.

सरांना सांगताना घाम फुटला होता. सर रागावले नाहीत, ते अधिक जड गेले. ‘अरे, मीही यादीच पाहिली,’ एवढेच म्हणाले.

आपणच एवढे गाढव आहोत का, या शंकेने मी जरा शोध घेतला, तेव्हा ‘मायस्पेस’ची हकीकत सापडली. २००३ साली अमेरिकेत सुरू झालेले हे संकेतस्थळ एके काळी जगातल्या होतकरू गायक-वादकांचे मोठे घर होते. कोणीही यावे, आपले गाणे ठेवून जावे. मार्च २०१९ मध्ये उघड झाले, की सर्व्हर बदलण्याच्या कामात तेथल्या जुन्या फायली नष्ट झाल्या आहेत. २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी ठेवलेली गाणी. अंदाज असा दिला गेला की १ कोटी ४० लाख कलावंतांची ५ कोटींहून अधिक गाणी. गायकांची नावे होती, गाण्यांची नावे होती, बटण दाबले तर आवाज नाही. म्हणजे आमच्यासारखेच! फक्त आमचे सूप आणि त्यांची कोठारे, एवढाच फरक.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी परत मिळाली. कोणाकडून? कंपनीकडून नव्हे. संगीताच्या जाळ्याचा अभ्यास करणाऱ्या काही विद्यापीठीय अभ्यासकांनी २००८ ते २०१० या काळात आपल्या संशोधनासाठी तेवढी गाणी उतरवून घेतली होती. ती त्यांनी ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या अमेरिकन संग्रहालयाच्या स्वाधीन केली. ५ कोटींतली पाच लाख म्हणजे शंभरात एकही पुरती नाही. पण ज्याचे त्यात सापडले त्याला शंभरातले नव्याण्णव कोण विचारतो?

असो. आमच्या २१४ कडे वळतो. संगणक विभागाच्या सरांनी पहिला हुकूम केला तो असा: कार्यालयातला तो जुना संगणक या क्षणी बंद करा आणि त्याला कोणी हात लावू नका. कारण पुढे सांगतो. दुसरा हुकूम: फाईल हरवली आहे की फक्त पत्ता चुकला आहे हे आधी पाहा. आम्ही नोंदवहीतली नावे एका बाजूला आणि नव्या यंत्राच्या कपाटातली प्रत्यक्ष फायलींची नावे दुसऱ्या बाजूला छापून काढली, आणि पेन्सिल घेऊन बसलो.

कपाटात ‘चोरटे’ सापडले! नोंदवहीत नसलेल्या, भलत्याच नावांच्या १३१ फायली तेथे पडून होत्या. नावे अशी, की प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हे. पहिले चिन्ह नेहमी डोक्यावर तिरकी रेघ दिलेला रोमन ‘ए’, दुसरे कधी चार पाय फुटलेल्या वर्तुळासारखे तर कधी जपानी येन नाण्याचे. मला वाटले फायली सडल्या. सर हसले. म्हणाले, ‘हे मराठीच आहे. वाचणाऱ्याचा चष्मा चुकला आहे.’

गंमत अशी आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत आपल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलाही, एकेक क्रमांक दिलेला आहे. तो क्रमांक साठवण्याच्या यूटीएफ-८ या रूढ रीतीत रोमन अक्षराला एक बाईट पुरते, देवनागरीला तीन लागतात. या तिन्हींपैकी पहिले बाईट सर्व देवनागरी अक्षरांचे एकच. दुसरे दोहोंपैकी एक. तिसऱ्याने खरा फरक पडतो. आता हे तीन बाईट एकत्र वाचायचे आहेत हे ज्या यंत्राला ठाऊक नाही, जे पश्चिम युरोपातल्या लिपीची सवय धरून बसले आहे, ते प्रत्येक बाईट म्हणजे एक अक्षर समजते. म्हणून ‘ओवी’च्या जागी नऊ चिन्हांची रांगोळी. आमच्या फायलींची नावे विद्यार्थ्यांनी हौसेने मराठीत दिली होती, आणि गठ्ठा बांधणारे यंत्र व सोडणारे यंत्र यांची सवय वेगळी निघाली.

यातली दिलाशाची गोष्ट ही, की चुकीचे वाचलेले पुन्हा बरोबर वाचता येते. रांगोळीतले बाईट जसेच्या तसे असतात. ते उलट दिशेने फिरवले की मराठी नाव उभे राहते. सरांनी चार ओळींची आज्ञावली लिहिली आणि १२४ नावे डोळ्यांदेखत मराठी झाली! पण कुठे-कुठे यंत्राने न समजलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घातले होते. अशा ७ फायली होत्या. प्रश्नचिन्हातून मागे जाता येत नाही. ‘क’चेही प्रश्नचिन्ह आणि ‘ळ’चेही प्रश्नचिन्ह. त्या ऐकून ओळखाव्या लागल्या.

मराठी करूनही पाच नावे नोंदवहीशी जुळेनात. पडद्यावर ‘सोयऱ्याची ओवी’ दोन्हीकडे हुबेहूब दिसे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे: ‘ऱ्या’ हा आपला अर्ध्या ‘र’चा उच्चार संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एकीत खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ असतो. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारा एक जोडक असतो. आपल्याला दोन्ही सारखे, यंत्राला दोन निराळे शब्द. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘सोयऱ्या’, जिथे-जिथे हा ‘र’ आला तिथे गाडी अडली. अर्ध्या ‘र’ने माणसे गोंधळतात हे व्याकरणाच्या तासाला शिकलो होतो, यंत्रेही गोंधळतात हे येथे कळले.

आजीचे पहिले ध्वनिमुद्रण, चौदा मिनिटांचे, या १३१ मध्ये निघाले.

उरल्या ८३. त्यांपैकी ३८ चे कारण अगदीच क्षुल्लक. जुने यंत्र विंडोजचे; ते रोमन मोठे अक्षर आणि लहान अक्षर यांत भेद करीत नाही. नवे लिनक्सचे, ते करते. नोंदवहीत नावाचा शेवट लहान लिपीत, फायलीवर मोठ्या लिपीत, एवढ्यावर नव्या यंत्राने ‘अशी फाईल नाही’ म्हणून हात वर केले. अर्ध्या तासात हे सुटले.

राहिल्या ४५, आणि या खरोखरच नव्हत्या. जुन्या यंत्राची पहिली जागा भरल्यावर गेल्या दोन वर्षांची काही ध्वनिमुद्रणे दुसऱ्या कप्प्यात ठेवली होती. नोंदवहीला ते माहीत होते. गठ्ठे बांधणाऱ्या आम्हां तिघांना माहीत नव्हते, आणि आम्ही विचारलेही नाही.

आता तो जुना संगणक बंद का करायला लावला ते सांगतो. आमचे मूळ गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. पाणी चढले तेव्हा लोक उठले, सामान उचलले, नव्या गावठाणात आले. गावाचे नाव नकाशावरून गेले, पण गाव काही पुसले गेले नाही. ते खाली आहे. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने देऊळ असेच पाण्यात आहे, आणि ज्या उन्हाळ्यात पाणी फार खाली जाते त्या उन्हाळ्यात ते उघडे पडते, लोक बघायला जातात. हार्ड डिस्कवरची पुसलेली फाईल अशी असते. पुसताना यंत्र फाईल खरवडून काढत नाही. ‘ही जागा आता मोकळी आहे’ एवढे आपल्या अनुक्रमणिकेत लिहिते. झटपट फॉरमॅट केले तरी नवी अनुक्रमणिका घातली जाते, मजकूर खाली तसाच राहतो. मात्र त्या मोकळ्या जागेवर नवी फाईल येऊन बसली, की खालचे गेले ते गेले. प्रवेशाचे प्रत्येक नवे कागदपत्र आमच्या एखाद्या ओवीवर जाऊन बसण्याचा संभव होता. म्हणून यंत्र बंद.

दोन बाबतींत आमचे दैव बरे. एक, कार्यालयाने झटपट फॉरमॅट केले होते. विंडोजमधले पूर्ण फॉरमॅट हल्ली सगळीकडे शून्ये लिहून टाकते, मग काही उरत नाही. दुसरे, डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची होती. नव्या एसएसडी जातीच्या डिस्कमध्ये पुसलेली जागा यंत्र स्वतःच पुढच्या लिखाणासाठी रिकामी करून ठेवते. तेथे आम्ही हात जोडून परत आलो असतो.

सरांनी प्रथम त्या डिस्कची जशीच्या तशी, मोकळ्या जागेसकट, दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली आणि मूळ डिस्क कपाटात कुलूपबंद केली. पुढचे सर्व प्रयोग प्रतीवर. मग फोटोरेक नावाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम चालवला. नावात फोटो असले तरी तो इतर फायलीही काढतो. त्याची युक्ती अशी, की तो अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. प्रत्येक जातीच्या फायलीच्या तोंडाशी ठरावीक खूण असते; छायाचित्राच्या फायलीच्या आरंभी ठरावीक तीन बाईट असतात, एमपी३ जातीच्या ध्वनिफायलीच्या तोंडाशी बहुधा ‘आयडी३’ ही अक्षरे. डिस्क पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत वाचत जायची, खूण दिसली की तेथून फाईल उचलायची. फाईल डिस्कवर सलग पडलेली असेल तर ती पुरी निघते. तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असेल तर पहिला तुकडा मिळतो आणि पुढे खंड. आणि अनुक्रमणिकाच नसल्यामुळे नाव मिळत नाही. ‘एफ’ अक्षर आणि पुढे एक लांबलचक आकडा, एवढीच ओळख.

दोन दिवस यंत्र चालले. अकराशेच्या वर ध्वनिफायली निघाल्या! आमचा आनंद फार टिकला नाही. त्या संगणकाने आपल्या आयुष्यात जे-जे ऐकले होते ते सर्व वर आले होते. विंडोज उघडतानाचे सूर, स्नेहसंमेलनाची नाचाची गाणी, कोणाच्या तरी लग्नातला बँड, एकच स्वागतगीत नऊ वेळा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे ग्रंथालयात बसून हे सगळे ऐकत होतो. बाहेर फटाके, आत लावण्या. नोंदवहीत प्रत्येक ध्वनिमुद्रणाची लांबी मिनिट-सेकंदांत लिहिलेली होती, तिचा फार उपयोग झाला. लांबी जुळली की निम्मे काम झाले. तरी नऊ-दहा फायली अशा होत्या की ओव्या आहेत हे कळे, पण कोणाच्या हे कळेना.

त्या मी मोबाईलवर घेऊन घरी नेल्या. आई भाकरी करीत होती. तिच्याजवळ मोबाईल ठेवून एक लावली. तिने तव्यावरून नजर न काढता सांगितले, ‘अरे, ही तर खालच्या आळीची तुझी चुलत आत्या. तिचा आवाज शेवटी असा खाली पडतो.’ दुसरी लावली. ‘ही आपल्याकडची नव्हं. जात्याचा आवाज ऐक की. दोघी दळत्यात, जाऊबाई असतील.’ तिसरीला तिने हात धुतले, मोबाईल कानाशी नेला आणि शेजारच्या मावशींना हाक मारली. दोघींनी मिळून तासाभरात सहा ओळखल्या. संगणक विभागाच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, की ही सोय कुठल्याच प्रोग्रॅममध्ये नाही.

असे करून ४५ पैकी २७ मिळाल्या, त्यांतल्या चार अर्धवट. आजीचे दुसरे ध्वनिमुद्रण त्या चारांत आहे. अकरा मिनिटांपैकी सहा मिळाली. सहाव्या मिनिटाला ती मला विचारते, ‘हे चालू हाय का रं?’ आणि तेथे तुटते.

उरलेल्या अठरांसाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांना गाठले. ज्याने ध्वनिमुद्रण केले त्याच्या मोबाईलवर कदाचित असेल, एवढाच आधार. कोणी पोलीस भरतीच्या तयारीत, कोणी पुण्याला कंपनीत, एकजण सासरी. बहुतेकांनी मोबाईल बदललेले. तरीही अकरा मिळाल्या. एका मुलीने त्या वेळी आपल्या मामीला ऐकवण्यासाठी व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या, मामींनी जपून ठेवल्या होत्या. एकाच्या आईने पेन ड्राइव्ह देवघरातल्या डबीत ठेवला होता. त्यात काय आहे हे तिला ठाऊक नव्हते, पण पोराच्या कॉलेजचे आहे म्हणून टाकला नव्हता.

यावरून मला पुन्हा मायस्पेस आठवले. तिथली गाणी वाचली ती जपण्यासाठी म्हणून कोणी ठेवलेली नव्हतीच. ‘टॉय स्टोरी २’ या प्रसिद्ध चित्रपटाचेही तसेच. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत एका चुकीच्या आज्ञेने त्या चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या गेल्या, आणि बॅकअप काढून पाहिला तर तो सदोष. गॅलिन सुस्मन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून मोटारीतून आणला गेला. गिटलॅब ही तर दुसऱ्यांचे प्रोग्रॅम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री थकलेल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० गिगाबाईटपैकी साडेचार उरले. बॅकअपच्या निरनिराळ्या तऱ्हा त्यांच्याकडे होत्या. प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा त्यातली एकही धड चालत नव्हती, आणि बॅकअप निकामी होत असल्याची सूचना देणारी पत्रे कोणाला पोहोचतच नव्हती. कामास आली ती त्याच अभियंत्याने चाचणीसाठी सुमारे सहा तासांपूर्वी काढलेली प्रत. प्रकार लपवण्याऐवजी त्या कंपनीने दुरुस्तीचे काम लोकांना थेट दाखवले, याचे मला फार कौतुक वाटले. हा लेख लिहिण्याचे धैर्य काही अंशी त्यामुळेच आले.

आता विभागात नवी रीत लावली आहे. एकाच संग्रहाच्या तीन प्रती, दोन निराळ्या जातींच्या साधनांवर, आणि एक प्रत कॉलेजच्या आवाराबाहेर. आणि स्थलांतर करताना यादी न पाहता प्रत्येक फाईल काट्यावर घालायची. ऊस कारखान्यावर गेला की गाडी काट्यावर चढते तसेच, फक्त हा काटा फार हळवा आहे. फाईलमधल्या सगळ्या बाईटांवर ठरावीक गणित करून एक लांब आकडा काढतात. त्याला चेकसम म्हणतात. एक बाईट जरी बदलले तरी आकडा पार बदलतो. निघण्यापूर्वीचा आकडा आणि पोहोचल्यावरचा आकडा जुळला तरच ‘आली’ म्हणायचे. ६१२ फायलींना हे सर्व करायला यंत्राला चहा पिण्याइतका वेळ लागतो. मे महिन्यात मला हे ठाऊक असते तर! आणि जुने यंत्र निदान एक सत्र तरी पुसायचे नाही, असे सरांनी आता लेखी करून घेतले आहे.

सात फायली मिळाल्या नाहीत. त्यांतल्या पाच गाणारणी आज हयात आहेत. त्यांच्याकडे जाऊन पुन्हा ध्वनिमुद्रण करण्याचे काम प्रथम वर्षाच्या मुलांनी घेतले आहे, दोघींचे झालेही. एकीने पूर्वी काय गायले होते ते तिला आठवत नाही, तिने निराळ्याच ओव्या दिल्या. त्यांना नवा क्रमांक दिला. उरलेल्या दोघी वारल्या. त्यांतली एक माझी आजी. तिच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रणात जुन्या गावच्या, पाण्याखाली गेलेल्या भीमेकाठच्या ओव्या होत्या. कुठल्या घराचा उंबरा कुठे, पाणवठ्याची वाट कुठून, असे सगळे त्यात होते. आईला त्यातल्या थोड्या येतात. माझ्या परीक्षा झाल्या की त्या उतरवून घ्यायच्या ठरल्या आहेत.

नोंदवहीत या दोन नावांपुढे आम्ही ‘ध्वनी उपलब्ध नाही’ असे लिहिले आहे, नाव मात्र काढलेले नाही. वाचकांपैकी कोणा माजी विद्यार्थ्याकडे जुन्या मोबाईलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, कोणाला पाठवलेल्या निरोपात विभागाचे एखादे ध्वनिमुद्रण असेल, तर ते आमच्याकडे आधीच आहे असे धरून चालू नये. मराठी विभागात आणून द्यावे. आम्ही प्रत काढून लगेच परत करू.